४१ ठोके आणि ११ आठवडे : माझा अनुभव

दीर्घ पल्ल्याचे धावणे आणि अंतराळप्रवाशांचे प्रशिक्षण ही माझ्या आयुष्यातील दोन कामे एकमेकांना पूरक आहेत, असे मी सगळ्यांना सांगत आले होते. गेल्या वर्षी या दोहोंच्या मध्ये एक कागद येऊन बसला आणि ११ आठवडे जागचा हलला नाही. एरोस्पेस फिजिऑलॉजीकडे, म्हणजे उड्डाणात आणि अंतराळात शरीर कसे चालते याच्या अभ्यासाकडे, वळू पाहणारे विद्यार्थी मला पदव्या, शिष्यवृत्त्या आणि व्हिसा यांविषयी विचारतात. वैद्यकीय दाखल्याविषयी अजून एकानेही विचारलेले नाही.

शिक्षण सरळ पार पडले, त्यामुळे त्याविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. साताऱ्यात यवतेश्वराचा घाट धावत चढण्याची सवय शाळेतच लागली. १६ एप्रिल २००७ रोजी सुनीता विल्यम्स यांनी अंतराळस्थानकातल्या ट्रेडमिलवर स्वतःला पट्ट्यांनी बांधून घेऊन बोस्टन मॅरेथॉनचे अंतर ४ तास २४ मिनिटांत पूर्ण केले, तेव्हा मी पुण्यात शरीरक्रियाशास्त्रात एम.एस्सी. करत होते. धावणे आणि अभ्यास हे एकच काम होऊ शकते, हे मला त्या दिवशी कळले. पुढे अमेरिकेत पीएच.डी. केली आणि खाजगी अंतराळप्रवाशांना तयार करणाऱ्या एका केंद्रात नोकरी मिळाली.

तिथे माझे काम मुख्यतः अल्टिट्यूड चेंबरमध्ये, म्हणजे हवेचा दाब उतरवून उंचावरची स्थिती निर्माण करणाऱ्या बंद खोलीत, असते. आधी अर्धा तास शुद्ध ऑक्सिजन घेऊन रक्तातला नायट्रोजन कमी करायचा, मग चेंबरमधला दाब २५,००० फुटांवर असतो तितका, म्हणजे समुद्रसपाटीच्या जेमतेम ३७ टक्के, उतरवायचा आणि प्रशिक्षणार्थीने मास्क काढून पाटीवर सोपी गणिते सोडवायची. या उंचीवर भान शाबूत राहण्याची मुदत तीन ते पाच मिनिटे असते. नखे निळसर होतात, अक्षर बिघडते आणि माणूस मात्र आपले उत्तम चालले आहे असे हसून सांगतो. त्याचा मास्क वेळेवर परत चढवणारी व्यक्ती स्वतः धडधाकट असावी, म्हणून मला दरवर्षी वैद्यकीय योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो. या नियमाबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

तक्रार आहे ती तो नियम राबवणाऱ्या कार्यालयाबद्दल. आमचे जुने डॉक्टर निवृत्त झाले आणि तपासणीचे काम बाहेरच्या एका कार्यालयाकडे गेले. त्यांच्या फॉर्ममध्ये विश्रांतीतील नाडीसाठी ५० ते १०० अशी चौकट आहे, आणि माझी नाडी ४१ आहे. ईसीजीच्या यंत्राने कागदाच्या माथ्यावर आपणहून ‘अ‍ॅबनॉर्मल ईसीजी’ असे ठळक अक्षरांत छापले, कारण नाडी मंद होती आणि पीआर अंतर (हृदयातला विद्युत संदेश वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत पोहोचायला लागणारा वेळ) २१४ मिलिसेकंद, म्हणजे नेहमीच्या २०० च्या मर्यादेहून किंचित जास्त होते. खिडकीतल्या कर्मचारी बाईंनी त्या एका ओळीखाली पेनाने रेघ ओढली, खालच्या बारा आलेखांकडे पाहिलेही नाही आणि फाइल ‘अपूर्ण’ असा शेरा मारून बाजूला ठेवली.

वर्षानुवर्षे धावणाऱ्या माणसाचे हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकते आणि हृदयाचा वेग कमी करणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा लगाम घट्ट असल्यामुळे विश्रांतीत ते मंद चालते. खेळाडूंचे ईसीजी कसे वाचावेत याचे आंतरराष्ट्रीय निकष २०१७ साली प्रसिद्ध झाले आहेत, आणि त्यांनुसार मिनिटाला ३० पर्यंतची मंद नाडी आणि थोडे लांबलेले पीआर अंतर या गोष्टी, इतर काही लक्षणे नसतील तर, नित्याच्या धरल्या जातात. मी हृदयरोगतज्ज्ञांचे पत्र नेले. त्यात ‘अ‍ॅथलीट्स हार्ट’ (व्यायामाने घडलेले खेळाडूचे निरोगी हृदय) असे शब्द होते, तर कार्यालयाने तेच शब्द ‘आजाराचे निदान’ या रकान्यात उतरवून घेतले. त्याचा खुलासा मिळवीपर्यंत माझ्या रक्ततपासणीची ३० दिवसांची मुदत उलटली आणि सगळ्या तपासण्या पुन्हा कराव्या लागल्या. नंतर ट्रेडमिल टेस्ट झाली. तिच्या तिसऱ्या पानावर, व्यायाम सुरू होताच पीआर अंतर पूर्ववत झाल्याचे स्पष्ट लिहिले होते, म्हणजे दोष हृदयाच्या वहनयंत्रणेत नसून सगळा परिणाम व्हेगसचा आहे हे सिद्ध झाले होते. दवाखान्यातून फॅक्स झाला तो फक्त पहिल्या पानाचा. अहवाल स्वतःच्या हाताने, पाने मोजून द्यावा, ही गोष्ट मी तिथे शिकले.

आठव्या आठवड्यात मला फोनवर सांगण्यात आले की तीन महिने धावणे बंद करा आणि मग नवा ईसीजी काढू. मी तेव्हा दक्षिण आफ्रिकेतल्या सुमारे ९० किलोमीटरच्या कॉम्रेड्स शर्यतीची तयारी करत होते. हा सल्ला कोणत्या डॉक्टरांचा आहे, ते कृपया लेखी कळवा, अशी मी विनंती केली. लेखी काहीच आले नाही. (प्रत्येक फोननंतर तारीख आणि नाव टिपून ठेवावे, मी हे पाचव्या आठवड्यापासून सुरू केले, पहिल्यापासून करायला हवे होते.) चेंबरमध्ये माझ्या जागी सहकाऱ्यांना जादा पाळ्या कराव्या लागत होत्या, याचे मला फार वाईट वाटे. आई साताऱ्याहून फोनवर विचारत असे, “अगं, खरंच काही नाही ना हृदयाचं? माझ्यापासून लपवू नकोस हं.” तिला सगळे शास्त्र समजावून सांगितले तरी दुसऱ्या दिवशी तिचा तोच प्रश्न असे.

मला सर्वांत जास्त चीड या गोष्टीची आहे की विचारण्यासारखा जो एक प्रश्न होता, तो त्या ११ आठवड्यांत कोणीही विचारला नाही. धावपटूच्या मंद हृदयाबद्दल आमच्या क्षेत्रात खरी शंका आहे, पण ती वेगळी आहे. सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे माणसाला वेगाने गोल फिरवणाऱ्या यंत्रात, डोक्याकडून पायांकडे भार पडतो, तेव्हा प्रत्येक ‘जी’मागे (एक ‘जी’ म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाइतका भार) मेंदूपाशी रक्तदाब सुमारे २२ मिलिमीटरने उतरतो; पायांचे आणि पोटाचे स्नायू आवळून दर तीन सेकंदांनी श्वास घेण्याचे तंत्र वापरले नाही, तर आधी दृष्टी करडी होते आणि मग शुद्ध जाते. ज्याचा व्हेगस प्रबळ आहे, त्याचे हृदय अशा वेळी पुरेशा चपळाईने वेग धरते का, आणि एकदम उभे राहिल्यावर त्याला भोवळ येते का, हे तपासले पाहिजे. त्याचे उत्तर झोपून काढलेल्या ईसीजीत मिळत नाही, मग तो कितीही वेळा काढा.

शेवटी ती तपासणी मीच मागून घेतली. दहा मिनिटे आडवे पडून आणि मग दहा मिनिटे भिंतीला न टेकता उभे राहून, दर मिनिटाला रक्तदाब आणि नाडी. रक्तदाब उतरला नाही, नाडी ४१ वरून ६३ वर गेली आणि भोवळ आली नाही. हा तक्ता, ट्रेडमिल टेस्टचे तिसरे पान आणि २०१७ चे निकष यांवर मी एका पानाचे पत्र लिहिले आणि ते डॉक्टरांनीच वाचावे अशी विनंती केली. चौथ्या दिवशी सही झाली. त्या डॉक्टरांनी मला फोन केला, दोन नेमके प्रश्न विचारले आणि उशिराबद्दल दिलगिरी व्यक्त केली. त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे.

धावत असाल, तर निरोगी असतानाच एक ईसीजी आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) काढून मूळ प्रती स्वतःजवळ ठेवा, म्हणजे नवा आलेख जुन्याशी ताडून पाहता येतो. तपासणीच्या आदल्या दिवशी लांब धावू नका, कारण काही रक्तचाचण्यांचे आकडे त्याने वाढतात. सर्दी असताना चेंबरच्या चाचणीला जाऊ नका, कान उघडत नाहीत. हे खरे तर आधीच सांगायला हवे होते.

दाखला मिळाल्यानंतरच्या सोमवारी मी पुन्हा चेंबरमध्ये बसले. त्या दिवशीच्या प्रशिक्षणार्थीने चौथ्या मिनिटाला सातापुढे सलग तीन वेळा सातच लिहिले, आणि मी त्याचा मास्क चढवला.