कापडी कुंडी घेताय? आधी पाण्याचं बघा

प्लॅस्टिकच्या कुंडीत दोन वर्षं राहिलेलं झाड कधी बाहेर काढून बघा. मातीचा गोळा कुंडीच्याच आकाराचा निघतो आणि त्याच्याभोवती मुळ्या गोल गोल गुंडाळलेल्या, तळाशी तर नुसतं जाळं. मूळ भिंतीला लागलं की वळतं आणि कडेकडेने फिरत राहतं. असं झाड पुढे जमिनीत लावलं तरी त्या मुळ्या बरेचदा तशाच गोल राहतात आणि मोठेपणी खोडालाच आवळतात.

कापडी कुंडीत हे होत नाही आणि मला तिचं कौतुक आहे ते एवढ्यासाठीच. मूळ कापडापाशी आलं की कोरडी हवा लागून त्याचं टोक सुकतं, तिथली वाढ थांबते आणि मागच्या बाजूने बारीक बारीक फाटे फुटतात. मिरचीचा शेंडा खुडला की बाजूने फुटवे येतात ना, अगदी तसंच. याला एअर प्रुनिंग म्हणतात. पाणी आणि खत ओढून घेण्याचं काम मुख्यतः हीच बारीक मुळं करतात, त्यामुळे तेवढ्याच मातीत झाडाचं जास्त भागतं.

पण ग्रो बॅग म्हणून मिळणारी प्रत्येक पिशवी अशी नसते हं! विणलेल्या प्लॅस्टिकच्या, आतून लेप दिलेल्या पिशव्याही याच नावाने विकल्या जातात, त्यातून हवा जात नाही. कापडाला तोंड लावून जोरात फुंकर मारा, पलीकडे तळहाताला हवा लागली तरच घ्या.

आता पाणी. इथेच बहुतेकांची झाडं जातात. जिथून हवा आत येते तिथूनच ओल बाहेर जाते, म्हणजे माती वरून सुकते तशी चारही बाजूंनी पण सुकते. याचा फायदाही आहे, बाष्पीभवनाने कुंडी गार राहते, काळ्या प्लॅस्टिकसारखी उन्हात तापून मुळं भाजत नाहीत, पण मग कडक उन्हाळ्यात रोज पाणी लागतं आणि झाड मोठं असेल तर दिवसातून दोनदा सुद्धा. त्यातून मातीच्या मिश्रणात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त असेल आणि ते एकदा खडखडीत सुकलं की पाणी पटकन धरत नाही, वरून ओतलेलं पाणी कापड आणि मातीच्या फटीतून सरळ खाली निघून जातं, खाली पाणी आलेलं बघून आपल्याला वाटतं झालं पाणी घालून, आणि गोळा आतून कोरडाच. म्हणून थोडं पाणी घाला, जरा थांबा, मुरलं की परत घाला. मग कडेच्या पट्ट्याला धरून कुंडी किंचित उचलून बघा, भिजलेल्या आणि सुक्या कुंडीच्या वजनातला फरक हाताला लगेच कळतो. अगदीच सुकली असेल तर टबात पाणी घेऊन अर्धा तास त्यात ठेवून द्या, खालून वर ओल चढते. आणि वर पालापाचोळ्याचं जाडसर आच्छादन हवंच.

साइज घेताना हात आखडू नका, लहान पिशवी फार लवकर सुकते. टोमॅटोला निदान 5 गॅलन म्हणजे साधारण 19 लिटर, मिरचीला 3 गॅलन म्हणजे 11 लिटरच्या आसपास. पालेभाज्यांना खोली कमी चालते, पसरट घ्या.

कुंडी थेट फरशीवर ठेवू नका, विटांवर किंवा स्टँडवर ठेवा, नाहीतर तळाला हवाच लागत नाही. बाहेरून पांढरे डाग आले तर घाबरू नका, बहुतेक वेळा ते पाण्यातले आणि खतातले क्षार असतात, सुकल्यावर ब्रशने निघतात. सारखं पाणी द्यावं लागल्याने खत मात्र वाहून जातं, तेव्हा एकदम भरपूर देण्यापेक्षा थोडं थोडं, वरचेवर द्या.

आणि तुम्ही सारखे बाहेरगावी असाल, पाणी घालायला कोणी नसेल आणि ठिबकची सोयही नसेल, तर सरळ प्लॅस्टिकच्या कुंडीतच लावा, झाड जगणं महत्त्वाचं. दरवर्षी गोळा काढून कडेच्या गोल मुळ्या कात्रीने कापल्या तरी बरंच काम होतं.