तिळगूळ आणि तिसरा पिरियड

कॅनडातल्या एडमंटनमध्ये आपल्या मराठी मंडळाच्या संक्रांत मेळाव्याची तारीख पंचांग एकटं ठरवत नाही. उन्हाळ्यात नॅशनल हॉकी लीगचं, म्हणजे बर्फावरच्या हॉकीचं, वेळापत्रक आलं की संक्रांत ते रथसप्तमीमधला असा शनिवार शोधायचा, ज्या दिवशी आपल्या शहराच्या ऑइलर्स संघाचा सामना आहे (तो हॉलमध्ये पडद्यावर बघायचा) आणि तोही शक्यतो पूर्वेकडच्या एखाद्या गावात. तिकडे संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना आपल्याकडे पाचला लागतो. साडेसातला संपतो, पोरं वेळेवर झोपतात. घरचा सामना शनिवारी बऱ्याचदा रात्री आठचा असतो. तो घेतला तर तिसऱ्या पिरियडला, म्हणजे सामन्याच्या शेवटच्या भागाला, अर्धा हॉल रिकामा, आणि मेळाव्याचा खरा जीव तर तिसऱ्या पिरियडमध्येच आहे. तारीख ठरली की सप्टेंबर उजाडायच्या आत हॉल धरायचा. जानेवारीतले शनिवार नंतर मिळत नाहीत.

हॉल कम्युनिटी लीगचा. या शहरात १९१७ पासून ही पद्धत आहे: वस्तीवस्तीच्या रहिवाशांची आपली संघटना, म्हणजे लीग, तिचा छोटा हॉल, आणि बहुतेक ठिकाणी हॉलला लागून बर्फाचं उघडं मैदान. अशा दीडशेहून जास्त लीगा आहेत. आपला मेळावा दुपारी दोनला मैदानावर सुरू होतो आणि अंधार पडण्यापूर्वी हॉलमध्ये येतो. पत्रिकेत 'दोन' लिहिलेलं असतं हे पुन्हा एकदा नोंदवून ठेवतो. शहराबाहेरच्या शेरवुड पार्कची कुटुंबं पावणेदोनला हजर असतात. हॉलपासून पाच मिनिटांवर राहणारे साडेचारला येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, वडे संपले का?

मैदानाबद्दल थोडं सविस्तर, कारण 'बर्फ तर आपोआपच गोठतो' असं दर वर्षी कोणीतरी म्हणतं. गोठतो, पण खेळण्याजोगा होत नाही. लीगचे एक निवृत्त गृहस्थ आणि त्यांचे दोन सोबती डिसेंबरपासून रात्री होजपाइप घेऊन उभे असतात. उणे १० ते उणे २० हे तापमान चांगलं. आधी भुरभुरीत हिम पूर्ण झाडायचं, नाहीतर तेच गोठून खडबडीत गाठी होतात. मग पाणी पातळ थरात, एकदा टाकलेलं पूर्ण गोठल्यावरच पुन्हा. घाई करून डबकं केलं की वरची कातडी आधी गोठते, खालचं पाणी झिरपून जातं आणि मध्ये पोकळी राहते. त्यावर स्केट पडला की पापडासारखं मोडतं आणि पाय मुरगळतो. मेळाव्याच्या आदल्या रात्रीचा शेवटचा हात ते गृहस्थ स्वतः मारतात. मोबदला म्हणून तिळाच्या वड्यांचा एक डबा घेतात, गुळाच्याच, साखरेच्या चालत नाहीत.

नव्याने आलेल्यांसाठी स्केटचं टेबल दाराशीच असतं. नेहमीच्या बुटापेक्षा एक ते दीड नंबर लहान स्केट घ्यायचा. दोन जाड लोकरी मोजे घालून येणाऱ्यांना आमच्या स्केटवाल्या वहिनी हसत परत पाठवतात: एकच पातळ मोजा, नाहीतर पाय आत हलतो आणि उलट जास्त गारठतो. नाडी बोटांकडे सैल, घोट्याशी आवळून. नवीन स्केट दुकानातून आणला तर धार लावून घेतली का ते विचारायचं. बिनधारेच्या स्केटवर माणूस उभाच राहत नाही आणि दोष स्वतःच्या तोलाला देतो. स्टिक अनवाणी उभं राहिल्यावर नाकापर्यंत, स्केट घातल्यावर हनुवटीपर्यंत. हेल्मेटशिवाय कोणीही बर्फावर नाही, आजोबासुद्धा नाहीत. या नियमावर दर वर्षी एक तरी काका रुसतात.

आतले उपचार लवकर उरकतात. समई बॅटरीची, कारण हॉलच्या करारात उघडी ज्योत चालत नाही. अध्यक्षांचं मनोगत, खजिनदारांचा ताळेबंद, हळदीकुंकू. एका वर्षी वाण म्हणून पक लुटले होते: हॉकीत चेंडूच्या जागी असतो तो, तीन इंच व्यासाचा, इंचभर जाडीचा, १७० ग्रॅमचा काळा रबरी ठोकळा. आजही कितीतरी घरांत तो ताकाच्या पातेल्यावरच्या झाकणाला वजन म्हणून ठेवलेला दिसतो. मग कॅनडाचं राष्ट्रगीत, माइक बंद ठेवून. २००६ च्या प्लेऑफमध्ये गायक पॉल लोरिओ यांनी माइक प्रेक्षकांकडे वर धरला आणि अख्खं कॉलिझियम, म्हणजे ऑइलर्सचं तेव्हाचं स्टेडियम, गायलं, तेव्हापासून या गावात राष्ट्रगीत गायकाचं एकट्याचं राहिलेलं नाही.

खाण्याचा प्रश्न सामन्याच्या रचनेमुळे अवघड होतो. २० मिनिटांचे तीन पिरियड आणि मध्ये साधारण १८ मिनिटांच्या दोन सुट्ट्या. एवढ्या वेळात ११० माणसं जेवली पाहिजेत. मिसळीचा प्रयोग एकदा झाला आणि फसला: मटकी, कट, फरसाण, कांदा, लिंबू, पाव अशा सहा थांब्यांची एकच रांग, दुसरा पिरियड सुरू झाला तेव्हा निम्मी माणसं रिकाम्या वाट्या घेऊन उभी. तेव्हापासून पहिल्या सुट्टीला वडापाव, टेबलाच्या दोन्ही बाजूंनी रांग, चटण्या आधीच पावात.

हॉलच्या स्वयंपाकघरात तळणीला परवानगी नाही, त्यामुळे वडे सकाळी तीन घरांत तळले जातात. २४० वड्यांना १३ किलो उकडलेला बटाटा आणि सुमारे ४ किलो बेसन. बटाटा रसेट जातीचा. लाल सालीचा घेतला तर सारण चिकट होतं आणि गोळा वळत नाही. हॉलमध्ये ओव्हन २०० अंशांवर, वडे जाळीवर मोकळे, १० ते १२ मिनिटं. वर फॉइल झाकायचा मोह आवरायचा, वाफ धरली की कवच लोळागोळा होतं. पावासाठी बरीच वर्षं चाचपडलो. डिनर रोल गोड, बर्गरचे बन पोकळ. शेवटी फिलिपिनो बेकरीतला पांडेसाल सापडला: किंचित गोडसर, पण लादीपावाच्या सगळ्यात जवळचा. सकाळी ११ च्या आत आणायचा, दुपारनंतर ताजा उरत नाही.

दुसऱ्या सुट्टीचं खाणं मात्र गावातून मागवायचं, ही मेळाव्याची सगळ्यात चांगली प्रथा. ज्या गावाच्या संघासाठी घसा बसवायचा, त्या गावाचं अन्न पानात हवं. मान अर्थातच ग्रीन अनियन केकचा. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सिऊ टो यांनी ही पातीच्या कांद्याची पदर सुटलेली चिनी पोळी एडमंटनला खाऊ घातली आणि आता उन्हाळ्यातली एकही जत्रा तिच्याशिवाय होत नाही. आपल्या लोकांना ती पहिल्या घासातच पटते. लच्छा पराठ्याची मावसबहीणच ती. मागवताना दोन गोष्टी: तळण कशात आहे ते शाकाहाऱ्यांसाठी विचारायचं, आणि खोक्यांची झाकणं गाडीतच उघडायची. बंद खोक्यात २० मिनिटांत ती मऊ पडते. सोबत सांबाल, म्हणजे मिरचीची तिखट चटणी, वेगळ्या वाटीत.

युक्रेनी पेरोगी, म्हणजे करंजीच्या आकाराच्या सारण भरून उकडलेल्या, दर दोन वर्षांनी येतात. चर्चच्या हॉलमध्ये आज्या बसून वळतात, डझनावर मोजून विकतात. बटाटा-चीजच्या सारणाच्या घ्यायच्या, वर लोण्यात परतलेला कांदा. बेकन वेगळ्या डब्यात आणि तो डबा वेगळ्या टेबलावर. डोनेर, म्हणजे मांसाचे काप गुंडाळलेली रोटी, मागवला तेव्हा वाद झाला. मूळ पदार्थ बीफचा, आपण चिकनचा सांगितला, तरी लसूण घातलेला तो गोड दुधाळ सॉस निम्म्यांना आवडला आणि निम्म्यांनी 'श्रीखंडात लसूण' म्हणून बाजूला सारला. माझं मत पहिल्या निम्म्यांच्या बाजूचं. पूर्ण शाकाहारी मंडळी मेळाव्यानंतरच्या आठवड्यात पद्मनाडी या पूर्ण शाकाहारी इंडोनेशियन उपाहारगृहात जमतात, कारण तिथे मेन्यूकार्ड शेवटपर्यंत वाचावं लागत नाही.

आणि मग तिसरा पिरियड. टीव्हीचा आवाज बंद होतो. पडद्याशेजारी दोन खुर्च्या, दोन माइक. एका खुर्चीत सुपर व्हिसावर (आई-वडील, आजी-आजोबांसाठीचा दीर्घ मुक्कामाचा व्हिसा) आलेले कोणाचे तरी आजी किंवा आजोबा, दुसरीत दहावी-अकरावीतलं पोर. पोराने नावं आणि नियम कानात सांगायचे, आजोबांनी मराठीत धावतं वर्णन करायचं. ही कल्पना पोरांचीच. हॉकी नाइट या टीव्हीवरच्या कार्यक्रमाचं पंजाबी समालोचन २००८ मध्ये सुरू झालं, हरनारायण सिंग यांचा आवाज इथल्या मुलांना पाठ आहे. मग आपलं का नाही, असं एका बैठकीत त्यांनी विचारलं आणि कार्यकारिणीकडे उत्तर नव्हतं.

आजोबांना आधीच्या सुट्टीत तीनच गोष्टी सांगायच्या. पकच्या आधी आपला गडी निळी रेघ ओलांडून गेला तर शिट्टी. मधल्या रेघेच्या अलीकडून थेट पलीकडच्या टोकाला भिरकावला तरी शिट्टी. दंड झालेला दोन मिनिटं पेटीत बसतो आणि तेवढा वेळ संघ एका माणसाने कमी. बाकी त्यांचं ते बघून घेतात, विशेषतः ज्यांनी गावाकडे कबड्डीच्या सामन्यांना माइक धरला आहे ते. पेटीतला खेळाडू त्यांच्या लेखी सरळ 'बाद गडी'. दोन मिनिटं संपून तो बर्फावर उडी मारतो तेव्हा 'गडी जिवंत झाला!' आणि त्यावर सगळी पोरं ओरडतात. ऑइलर्सच्या मॅकडेव्हिडने मधून वेग घेतला की आवाज चढत जातो, 'निघाला… एक मागे, दुसरा मागे, अरे धरा त्याला, धरा कुठला, गेला की!' एका वर्षी खुर्चीत एक आजी होत्या, हॉकी जन्मात न पाहिलेल्या. पाच मिनिटं गप्प बसल्या. मग गोलरक्षकाकडे बघत माइकवर म्हणाल्या, 'त्या जाळीतल्या पोराला पाणी तरी द्या रे कोणी.' शेजारच्या नातीने सांगितलं, 'आजी, बाटली जाळीच्या वरच ठेवलीय बघ.' पुढचा सगळा पिरियड आजी फक्त त्या गोलरक्षकाबद्दल बोलल्या: तो वाकला, तो थकला, त्याने मघाशी पाणी प्यायलं. सामना कोण जिंकलं ते विचारलं तर आज कोणी सांगू शकणार नाही. बाटली मात्र सगळ्यांच्या लक्षात आहे.

या वेळी होणारा मुख्य घोटाळा तांत्रिक असतो. इंटरनेटवरचं प्रक्षेपण केबलपेक्षा अर्धा-पाऊण मिनिट मागे असतं. आजोबा रंगात आलेले आणि मागच्या रांगेत कोणाचा तरी फोन गोल झाल्याची घंटा वाजवतो. म्हणून दारातच सूचना: फोनवरची हॉकीची सूचनायंत्रणा बंद. ऐकणारे ऐकतात. एका खेळाडूने तीन गोल केले तर टोप्या फेकायची या खेळाची रीत आहे. आपल्याकडे लेझीम पथकाच्या गांधी टोप्या उडतात आणि नंतर मोजून परत घेताना दोन नेहमी कमी भरतात.

उपस्थितीबद्दल मनात आहे ते लिहूनच टाकतो. २०२४ च्या जूनमध्ये स्टॅन्ली चषकाच्या, म्हणजे लीगच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीत ऑइलर्स तीन सामने मागे पडून बरोबरीत आले आणि सातव्या सामन्यात फ्लोरिडाकडून २–१ असे हरले, तेव्हा मंडळाच्या ग्रुपवर प्रत्येकजण जन्माचा भक्त होता. २०२५ च्या अंतिम फेरीतही ग्रुपवर तेच. जानेवारीत उणे २५ ला हीच मंडळी 'बघू, जमलं तर' असं कळवतात आणि ११० च्या हिशोबाने केलेल्या वड्यांतले ४० उरतात. १९८४ ते १९९० मधले पाचही स्टॅन्ली चषक पाहिलेले, ऑइलर्सच्या महान खेळाडूला, ग्रेट्झकीला, १९८८ च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसला दिल्याचं दुःख अजून बाळगणारे आपले दोन ज्येष्ठ काका काठी टेकत येतात. एवढंच म्हणणं आहे.

आता आभार, कोणी राहू नये म्हणून दारापासून. बुटांच्या रॅकवर बसून प्रत्येक जोडीला चिठ्ठी बांधणाऱ्या दोघी मुली, कारण सगळ्यांचे बूट काळे आणि एकसारखे, आणि पूर्वी तीन जोड चुकीच्या घरी गेले आहेत. गाड्यांच्या ब्लॉक हीटरसाठी, म्हणजे इंजिन थंडीत गोठू न देणाऱ्या हीटरसाठी, लांब वायरी आणणारे दादा. वाहनतळ साफ करणारे शेजारचे गृहस्थ. वडे तळणारी तिन्ही घरं, आणि त्यांतल्या ज्या घरात तळणीने धुराची घंटा वाजली ते घर विशेष. पांडेसाल आणणारी जोडी. ग्रीन अनियन केकची खोकी मांडीवर उघडी धरून आलेल्या काकू. प्रोजेक्टरवाला, आणि त्याची वायर विसरल्यावर घरी पळालेला त्याचा भाऊ. स्केटवाल्या वहिनी. होजपाइपवाले तिघे. डिसेंबरात ऑइल किंग्ज या शहराच्या ज्युनियर हॉकी संघाच्या टेडी बेअर टॉसला मुलांना घेऊन जाणाऱ्या ताईसुद्धा. पहिल्या गोलला बर्फावर फेकायची अस्वलं नवी हवीत आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली हवीत, हे त्या दर वर्षी न कंटाळता सांगतात. लेझीमच्या टोप्या धुणाऱ्या मावशी. उरलेले ४० वडे आश्रयगृहात पोचवणारे काका. रात्री साडेनऊला फरशी पुसून, बर्फाळ पायऱ्यांवर मीठ टाकून किल्ली लीगच्या पेटीत टाकणारे दोघे, ज्यांचे आभार मागच्या वर्षी छापायचे राहिले आणि ज्यांनी ते लगेच कळवलं.