पाण्याने हजामत

एखाद्याला वरिष्ठांनी फैलावर घेतलं की 'साहेबांनी त्याची बिनपाण्याने केली' असं आपण म्हणतो. काय केली, ते सांगावं लागत नाही. ज्याने कुणी हा शब्द पहिल्यांदा वापरला, त्याने तो आधी स्वतःच्या गालावर सोसलेला असणार. कोरड्या खुंटांवरून पातं फिरलं की होणारी आग अपमानाच्याच जातीची असते. त्या वेळी फारसं काही वाटत नाही, मग दिवसभर चुरचुरत राहते. मला मात्र त्या शब्दाची न बोललेली बाजू जास्त आवडते. बिनपाण्याने केली तर शिक्षा, म्हणजे पाण्याने केली तर सुख, हे आपल्या भाषेने केव्हाच मान्य करून टाकलंय.

मला ते कळायला चव्वेचाळीस वर्षं लागली.

तोवर दाढी ही उरकायची गोष्ट होती. डब्यातून फुस्सकन निघणारा फेस, पाच पात्यांचं रेझर, चार मिनिटं, आणि त्यातही एक डोळा लोकलच्या वेळेवर. मानेवर बारा महिने लाल पुरळ. आपली कातडीच तशी, म्हणून मी तो विषय सोडून दिला होता. एकदा केस कापायला गेलो असताना आमच्या सलूनवाल्याने कॉलर खाली ओढून मान बघितली. हा मूळचा बार्शीचा, बोलणं मोजकं. म्हणाला, "साहेब, तुम्ही दाबताय लई." मी म्हटलं, दाबल्याशिवाय निघत नाही. त्यावर त्याने वस्तरा दोन बोटांत नुसता अडकवला, माझ्याच गालावरून कानापासून हनुवटीपर्यंत आणला आणि म्हणाला, "भार हत्याराचा असतोय, हाताचा नसतोय. हातानं फक्त वाट दावायची."

गेली सात वर्षं मी हे वाक्य रोज सकाळी गिरवतोय. अक्षर अजून सुधारतंच आहे.

त्याच आठवड्यात स्टेशनजवळच्या जुन्या जनरल स्टोअरमधून दुधारी ब्लेडचं रेझर आणलं. वस्तऱ्याची हिंमत झाली नाही, आजही होत नाही. या रेझरचे तुकडे तीन: दांडा, खालची पट्टी आणि वरची टोपी. मध्ये ब्लेड ठेवून दांडा पिळला की टोपी खाली बसते आणि सपाट ब्लेड कमानीसारखं वाकतं. सगळी करामत त्या वाकण्यात. ब्लेडची जाडी जेमतेम एक दशांश मिलिमीटर. सुटं असताना चिमटीत लवणारं, पण वाकवून आवळलं की ताठ.

ही कल्पना किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन माणसाची. हा बाटल्यांची बुचं विकत फिरणारा विक्रेता. पोलादाची इतकी पातळ पट्टी कडक करून तिला धार लावणं शक्य नाही, असं त्याला जाणकारांनी सांगितलं होतं. विल्यम निकर्सन नावाच्या इंजिनिअरने ते जमवलं. १९०३ साली माल बाजारात आला तेव्हा वर्षभरात खपली ५१ रेझरं आणि १६८ ब्लेडं. ते एक्कावन्न शूर कोण असतील, असं मला अधूनमधून वाटतं. पुढच्या वर्षी पेटंट मिळालं, मग पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या सामानात हे रेझर गेलं आणि जगभर घरी दाढी करण्याची सवय लागली. माझ्या हातातल्या रेझरची रचना अजून तीच आहे, तीन तुकड्यांची. मोबाइल दोन वर्षांत जुना होतो त्या काळात हे बरं वाटतं.

पहिल्या दिवशी अर्थातच मी गुरुमंत्र विसरलो. हनुवटीवर दोन, ओठाखाली एक आणि कंठमण्यावर एक, अशा चार जागी कागदाचे तुकडे चिकटवून ऑफिस गाठलं. शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी विचारलं, "मांजर पाळलंत का?" मी कंटाळून हो म्हणालो. पुढे महिनाभर त्या मांजराची चौकशी करत होत्या. नाव काय, खातं काय, इंजेक्शनं दिली का. शेवटी ते मांजर बोरिवलीच्या मेव्हण्याला देऊन टाकलं, असं सांगून सुटका करून घेतली. तोवर हातही बराच हलका झाला होता.

पण रेझर ही या सोहळ्यातली शेवटची गोष्ट. आधी पाणी. दाढीचा केस कोरडा असताना चिवट असतो. दोन-तीन मिनिटं कोमट पाणी मुरलं की फुगतो आणि नरमतो. आपल्याला वाटतं ब्लेड केसाला हरवतं, पण केसही उलट मारतो. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये हे दाखवून दिलं. त्यांतल्या एकाने स्वतःची दाढी करून ती पाती सूक्ष्मदर्शकाखाली घातली. केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ, तरी धारेचे बारीक टवके उडालेले. आणि ते कधी उडतात, तर केसाला वाकायला जागा मिळते तेव्हा. मऊ असून जो वाकतो तो पोलादाचा टवका काढतो, यावर एक कीर्तन सहज उभं राहील. पण मला नऊला निघायचं असतं.

पाण्यावरून आमच्या घरात एक कायमचं भांडण आहे. मे महिन्यात सोसायटीत टँकरचं आणि बोअरचं पाणी सुरू होतं. ते पाणी जड. साबण त्यातल्या कॅल्शियमशी सलगी करतो आणि फेस व्हायच्या ऐवजी भांड्याला पांढरी साय धरते. म्हणून मी प्यायच्या पाण्याची एक बाटली बाथरूमच्या फळीवर ठेवतो. "पिण्याचं पाणी दाढीला?" ही म्हणते. "उद्या गंगाजल मागवा." मी ऐकून घेतो. बोअरच्या पाण्यात फेस करून बघितलेल्या माणसाला ऐकून घ्यायला काही वाटत नाही.

फेस करणं हा माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत रसाळ भाग. दाढीचा साबण आंघोळीच्या साबणासारखा नसतो. त्यात सोड्याबरोबर पोटॅश आणि भरपूर स्टिअरिक आम्ल असतं, म्हणून त्याचा फेस दाट होतो आणि पटकन वाळत नाही. ब्रश भिजवून झटकायचा, साबणावर अर्धा मिनिट गोल फिरवायचा, मग वाडग्यात न्यायचा. सुरुवातीला हाती लागतो तो चिकट लगदा. त्यात थेंब-थेंब पाणी. अधीर होऊन चमचाभर ओतलं की संपलं, कपड्यांच्या बादलीसारखे बुडबुडे. हळू घेतलं तर मात्र एक वेळ अशी येते की बुडबुडे सगळे गडप होतात, ब्रशचा माग तसाच उभा राहतो आणि वरून कवडीदार दह्यासारखी चमक येते. ती चमक आली की मी क्षणभर वाडगा तिरका करून नुसता बघतो. हे घरात कुणाला सांगितलेलं नाही.

मग दाढी. पहिला हात केसाच्या दिशेने, दुसरा आडवा, आणि रविवार असेल तर गालांवर उलटा. केसाची दिशा म्हणजे सरसकट वरून खाली, अशी माझी समजूत होती. बोटं फिरवून नीट तपासलं तेव्हा कळलं की गळ्यावर डावीकडे माझ्या दाढीला चक्क भोवरा आहे. डोक्यावर असतो तसा, पण चोरून बसलेला. ते कायमचं पुरळ त्या भोवऱ्याचं होतं. पंचवीस वर्षं मी त्याला रोज चहूबाजूंनी खरवडत होतो आणि बिचाऱ्या कातडीला नावं ठेवत होतो.

रेझर गालाशी साधारण तीस अंशांत धरायचं म्हणतात. पण कोनमापक घेऊन कुणी दाढी करत नाही. कोन कानाने कळतो. बरोबर बसला की कोंडा चाळल्यासारखा बारीक, कोरडा आवाज येतो. दांडा जरा जास्त वर-खाली झाला की आवाज बंद, म्हणजे नुसता फेस निघतोय. हा आवाज ऐकू यावा म्हणून मी एक्झॉस्ट पंखा बंद करतो. मुलगा म्हणतो, बाबा रेडिओ लावल्यासारखे दाढी ऐकतात. तो स्वतः ट्रिमरवाला. त्याच्या पिढीने दाढी राखायचं ठरवलंय, छान दिसते त्यांना. माझी वाढली की मी नुसता आजारी दिसतो.

शेवटी तुरटी. ओल्या चेहऱ्यावरून तुरटीचा खडा फिरवला की रक्त थांबतं, कातडी आवळते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण तुरटीचं खरं काम निराळं: ती प्रगतिपुस्तक देते. जिथे भार टाकला असेल तिथे बरोबर झोंबते. उजवा जबडा, उत्तीर्ण. हनुवटी, काठावर. सोमवारी कंठमणी हमखास नापास.

तुरटी हातात घेतली की मला साताऱ्याचं आमचं घर आठवतं. अण्णा खिडकीच्या गजाला आरसा टांगून, बंबातलं पाणी ॲल्युमिनियमच्या मगात घेऊन दाढीला बसायचे. नाक वर ओढून, ओठ एका बाजूला नेऊन असे काही चेहरे करायचे की मी समोर बसून तेच चेहरे करायचो. त्या वेळात त्यांच्याशी बोलायची परवानगी नव्हती. तेव्हा तो दरारा वाटायचा. आता कळतं, बोललं की गाल हलतो. त्यांचं ब्लेड मरत नसे. आठवडाभर दाढी, मग काचेच्या ग्लासात आतून बोटाने घासघासून आणखी दोन दिवस. त्याने ब्लेडला नाही, यांच्या चिक्कूपणाला धार येते, असं आई म्हणायची. तिथून ते अर्धं मोडून आईच्या शिवणाच्या डब्यात शिलाई उसवायला, आणि उरलेलं अर्धं माझ्या कंपासपेटीत पेन्सिलीसाठी. एका ब्लेडवर अख्खं घर चालायचं. आज ब्लेड दोन-तीन रुपयांना मिळतं, तरी चौथ्या दाढीनंतर ते टाकताना माझा हात अडखळतो. टाकतो मात्र. रिकाम्या डब्याच्या झाकणाला चीर पाडून त्यात जमवतो, म्हणजे कचरा वेचणाऱ्याच्या हाताला लागत नाही.

छंद म्हटला की तो वाढतोच. डुकराच्या राठ केसांचा एक ब्रश, कृत्रिम धाग्यांचा एक, आणि एका मित्राने जर्मनीहून आणलेला बिज्जूच्या केसांचा, जो मी फक्त सणाला काढतो. जपानी ब्लेडं आहेत, रशियन आहेत, आणि आमच्या ठाण्यातच तयार झालेलं एक पाकीट आहे, ते अभिमानापोटी फोडलेलं नाही. "तोंड एकच आहे ना?" एवढंच ही विचारते. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, ही म्हण तिच्या जिभेवर असते. माझ्यावर उपकार म्हणून ती अर्धीच म्हणते.

गेल्या वर्षी काका गेले. दहा दिवस सुतक, दाढी नाही. मला वाटलं होतं, सुटी मिळेल. तिसऱ्या दिवसापासून सकाळी हाताला काही सुचेना. चहा झाला की पाय आपोआप मोरीकडे वळायचे आणि मी नुसता तोंड धुऊन परत यायचो. सहाव्या-सातव्या दिवशी आरशात बघितलं तर हनुवटीवर पांढऱ्याचं राज्य, आणि गालांच्या खोबणींसकट थेट काका. रोज सकाळी मी त्यांनाच खरवडून काढत होतो की काय, असं वाटून गेलं.

दहाव्याला संगम माहुलीच्या घाटावर चुलतभावाचं क्षौर झालं. न्हावी म्हातारा होता. ना साबण, ना ब्रश. पायरीवर उकिडवा बसला, लोट्यातलं पाणी तळव्यात घेतलं आणि भावाच्या डोक्यावर, गालांवर चोळत राहिला. चोळणं संपेचना. भटजींनी दोनदा घड्याळ बघितलं. म्हाताऱ्याने मान वर केली नाही. पुन्हा पाणी घेतलं, पुन्हा चोळलं. मग एकदाच वस्तरा उघडला आणि केस लोण्यातून सुरी जावी तसे सुटून पायरीवर पडत गेले. भाऊ रडत होता, पण आग झाल्याचं एकदाही तोंड वाकडं केलं नाही.

अकराव्याला ठाण्याला परतलो. दहा दिवसांची दाढी या रेझरला झेपत नाही, दर बोटभर अंतरावर फटीत केस अडकतात, मग विसळा, मग पुन्हा. मी ब्रशकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला. देवघरातला लोटा आणला, तळव्यात पाणी घेतलं आणि चोळायला लागलो. बराच वेळ झाला असावा. बाहेरून दार वाजलं.

"अहो, आवाज नाही आज कसला. सुरू केली का?"

"करतोय," मी म्हटलं. "अजून पाणीच लावतोय."