टॉवर फुल्ल, तरी मशीन गप्प

सावंतवाडीच्या चितार आळीत आमचं लाकडी खेळण्यांचं दुकान आहे. निम्मं गिऱ्हाईक गोव्याला जाता-येता थांबणारं. भोवरा घेणारा क्यूआरवर पैसे टाकून मोकळा होतो, पण रंगवलेला पाट, फळांची परडी आणि वर गंजिफाचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा, संच असं बिल झालं की लोक कार्ड काढतात. परदेशी पाहुणे तर बहुतेक कार्डवालेच. त्यामुळे बँकेने जुनं टू-जीवरचं स्वाइप मशीन बदलून फोर-जी आणि वाय-फाय दोन्ही असलेलं दिलं, तेव्हा बरं वाटलं. बसवायला आलेल्या मुलाने सिम घातलं, एक रुपयाचा व्यवहार करून दाखवला आणि सही घेऊन गेला. व्यवहार त्याने पुढच्या ओट्यावर उभं राहून केला होता. आमच्या भिंती जांभ्याच्या, चांगल्या जाडजूड. आत गल्ल्यापाशी मशीन आणलं की पडद्यावरचं चक्र नुसतं फिरत राहायचं.

एका रविवारी पुण्याच्या एका जोडप्याचं कार्ड लावलं. मशीनने ‘उत्तर आलं नाही’ अशी स्लिप काढली आणि त्याच वेळी त्यांच्या मोबाइलवर पैसे कापल्याचा मेसेज आला. “ताई, मेसेज आलाय बघा, पैसे गेलेत,” असं म्हणत त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. दुकानात गर्दी, आणि माझ्याकडे दाखवायला ती अर्धवट स्लिप. पुढे समजलं ते असं: बँकेचं उत्तर मशीनपर्यंत पोचलं नाही, तर संपर्क जुळल्यावर मशीन आपणहून तो व्यवहार उलटा फिरवायचा निरोप पाठवतं. तेही चुकलं तरी रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत पैसे परत जमा व्हायला हवेत, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. हे आता मी गिऱ्हाइकाला तोंडपाठ सांगते. त्या दिवशी येत असतं तर बरं झालं असतं.

हेल्पलाइनचा पहिला प्रश्न ठरलेला: “मॅडम, टॉवर दिसतायत ना? मग नेटवर्क आहे.” या वाक्याने माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. टॉवरच्या काड्या एवढंच सांगतात की सिम कंपनीचा मनोरा मशीनला ऐकू येतोय. त्यापुढे एपीएन, म्हणजे सिमने कुठल्या दाराने इंटरनेटवर जायचं ते सांगणारं सेटिंग, बरोबर हवं, मशीनला आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमधला त्याचा स्वतःचा नंबर, मिळायला हवा, आणि त्या वाटेने बँकेच्या सर्व्हरचं दार उघडायला हवं. यातलं एक अडलं तरी काड्या फुल्लच दिसतात.

शेजारचे काका म्हणाले, “माझा जिओचा सिम घालून बघ मगे.” जुन्या मशीनमध्ये ते चाललंच नसतं, कारण जिओला टू-जी नाही. नव्यात बसलं, पण एपीएन बँकेच्या सिमचं, आणि तो रकाना कुलूपबंद, म्हणून तेही चाललं नाही. उलट बँकेचं सिम मोबाइलमध्ये घातलं तर काड्या आल्या, गूगल मात्र उघडेना. सिम बिघडलेलं नव्हतं. त्याची वाट फक्त बँकेच्या सर्व्हरपर्यंतच जाते.

मग ठरवलं, घरचं वाय-फाय जोडायचं. हात लावण्याआधी दिवसाचं सेटलमेंट, म्हणजे मशीनमधले व्यवहार बँकेकडे पाठवून हिशेब मिटवणं, करून घेतलं; अडकलेले व्यवहार पोटात ठेवून मशीनच्या सेटिंगशी खेळू नये. राउटरची दोन नावं दिसतात, मशीनला त्यातलं एकच दिसलं, कारण वाय-फायच्या दोन लहरींपैकी ते २.४ गिगाहर्ट्झचीच ऐकतं. पासवर्ड टाकणं हा वेगळाच छळ. आकड्यांच्या बटणांवर अक्षरं, ‘स’साठी एकच बटण चार वेळा दाबा, मोठं अक्षर हवं तर आणखी एक बटण, आणि ‘ॲट’चं चिन्ह कुठे दडलंय ते मला आजही सांगता येणार नाही. शेवटी राउटरमध्ये मशीनसाठी वेगळं नाव काढून लांबलचक पण साध्या अक्षरांचा पासवर्ड दिला. घरातल्या टीव्ही-मोबाइलपासून पैशाचं यंत्र वेगळं राहिलं, हा वरचा फायदा.

जोडलं गेलं. नेटवर्कची चाचणी-स्लिप काढली तर आयपी १९२.१६८ ने सुरू होणारा, म्हणजे राउटरने पत्ता दिला होता. (तिथे नुसती शून्यं असती तर राउटरशीच बोलणं झालं नाही असं समजायचं.) खाली मात्र ‘सर्व्हरशी संपर्क नाही’. तेव्हा मुलाने मोबाइलचा हॉटस्पॉट २.४ वर लावला, मशीन त्याला जोडलं आणि व्यवहार चुटकीसरशी झाला. दोष मशीनमध्ये नाही, बँकेतही नाही. आमच्या राउटरमध्ये आहे, हे तिथेच पक्कं झालं.

ती स्लिप समोर ठेवून पुन्हा फोन केला. यावेळी हेल्पलाइनवरच्या मुलीने काड्यांचं विचारलं नाही. सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट नंबर, म्हणजे त्या सर्व्हरच्या कुठल्या दाराने जायचं तो आकडा, सांगितला. तो मी इंटरनेट बसवणाऱ्याला दिला. राउटरची फायरवॉल, म्हणजे कोणाला जाऊ द्यायचं ते ठरवणारा पहारा, कडक ठेवलेली होती: वेबसाइट चालत, पण मशीन ज्या पोर्टने बाहेर जायला बघत होतं तो बंद. त्याने तेवढाच मोकळा केला. मग मशीन इनिशियलाइज, म्हणजे बँकेशी नव्याने जोडून सुरू केलं, आमच्या मशीनची माहिती त्यात उतरली, एक रुपया माझ्याच कार्डावरून घेतला आणि सेटलमेंटच्या आधी व्हॉइड, म्हणजे रद्द केला.

आता वाय-फाय पहिलं आणि सिम राखीव, असा क्रम लावलाय. वीज गेली की राउटर बंद पडतो, आणि मशीन वाय-फायची वाट बघून मग सिमवर जातं. तेवढ्या वेळात गिऱ्हाईक कार्ड परत मागायला लागतं, म्हणून लाइट गेले की मी मशीन उचलून ओट्यावर जाते. राउटरसाठी छोटा बॅटरी बॅकअप घ्यावा असं माझं मत आहे. मामंजी म्हणतात, त्यापेक्षा रोख घे.