नान्नजच्या माळावर आज

२२ वर्षं पाचवीच्या वर्गात सांगत आले, झाड तोडणं वाईट आणि मोकळ्या जागी झाड लावणं चांगलं. आज आम्ही काही शिक्षक सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक पक्षी अभयारण्यात (१९७९ पासूनचं आहे हे) गेलो, तर समोर एक वनमजूर कोयत्यानं ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड तोडत होता. हिरवंगार झाड! राहवलं नाही, विचारलंच. त्यानं आधी त्या झाडांखाली नेलं. नुसता पालापाचोळा, गवताची काडी नाही. दहा पावलांवर उघड्या माळावर मात्र पवन्या, मारवेल, कुसळी गुडघ्याएवढी. "मॅडम, काळवीट गवतावर जगतंय, माळढोक उघड्यावर एकच अंडं घालतोय. माळ म्हंजे ओसाड नव्हं."

आमच्यातले एक सर, शाळेच्या वृक्षारोपणाचे प्रमुख, बराच वेळ गप्प उभे होते. परतताना गाडीत त्यांनीच विषय काढला, पुढच्या पावसाळ्यात रोपं माळावर नको, गावातल्या रस्त्याकडेला कडुनिंब लावू. माझंही तेच मत झालंय.

आत्ता साडीच्या काठातली कुसळं काढतेय. एक ओल्या मातीवर ठेवलं, तर पीळ सोडत हळूहळू फिरायला लागलं. स्वतःच जमिनीत शिरतं! सोमवारी वर्गात मुलांना हेच दाखवणार आहे.