तुम्ही विचारलंत म्हणून: ते 'पोऽ पो पो पो पो' कुठल्या पिक्चरचं?

हळद असो, गणपतीचं विसर्जन असो, नाहीतर अंडरआर्म क्रिकेटच्या टुर्नामेंटची फायनल, वाजवून झालं आणि बेंजो पिशवीत घालायला लागलो की कोणीतरी येतंच. "दादा, ते मधेच काय वाजवलंत, पोऽ पो पो पो पो, पोऽ पोऽ, ते कुठल्या पिक्चरचं?" मी म्हणतो पिक्चरचं नाही. मग कसलं? मग मी सांगायला तोंड उघडतो आणि टेम्पोवाला हॉर्न मारायला लागतो, चला, दुसरी सुपारी आहे. त्यामुळे आजवर कोणालाच पूर्ण उत्तर मिळालेलं नाही. आता पावसात सीझन बंद आहे, शृंगारतळीच्या दुकानात झेरॉक्सला दिवसाला चार माणसं येतायत, त्यातले दोघं नुसती छत्री ठेवायला, म्हटलं बसून लिहून टाकू.

तर गाण्याचं नाव 'सेव्हन नेशन आर्मी'. बँडचं नाव 'द व्हाइट स्ट्राइप्स', अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातला, गाणं आलं २००३ साली. बँड म्हणजे किती माणसं असतील? दोन. जॅक व्हाइट गिटार वाजवणार आणि गाणार, मेग व्हाइट ड्रम वाजवणार, संपला बँड. आमच्या पार्टीत नुसता टेम्पोत सामान चढवायलाच चौघं लागतात. हे दोघं लोकांना सांगायचे आम्ही बहीणभाऊ, प्रत्यक्षात नवराबायको, १९९६ला लग्न, २००० साली घटस्फोट, आणि घटस्फोटानंतरही बँड अकरा वर्षं चालू. वर गंमत म्हणजे व्हाइट हे आडनाव तिचं, लग्नात त्याने घेतलं. हे मी आमच्या आत्याला सांगितलं तर ती गाण्याबद्दल काहीच न विचारता अर्धा तास याच्यावरच बोलत होती. जॅक आधी सोफ्या-खुर्च्यांना गाद्या आणि कव्हरं बसवायचं काम करायचा, स्वतःचं छोटं दुकान होतं त्याचं. मला तो इथेच आवडला.

मी हे पहिल्यांदा ऐकलं ९ जुलै २००६ला, काकांच्या ओटीवर. वर्ल्डकप फुटबॉलची फायनल, इटली आणि फ्रान्स, आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू. लावणीचे दिवस, सगळे पहाटेपासून चिखलात वाकून आलेले, तरी आम्ही पोरं डोळे ताणून बसलो होतो, बाहेर पाऊस असा की कॉमेंट्री ऐकू येईना. फ्रान्सच्या झिदानने इटलीच्या खेळाडूला डोकं मारलं ते सगळ्यांच्या लक्षात आहे, माझ्या लक्षात आहे ते नंतरचं, पेनल्टीवर इटली जिंकली आणि तिकडची माणसं एकच धून आळवत सुटली, शब्द नाहीत काही नाही, नुसतं पो पो पो. मला वाटलं यांचं काहीतरी पारंपरिक असेल, आपल्याकडे कसं 'मोरया रे बाप्पा' म्हणतात तसं. दुसऱ्या दिवशी मळ्यात रोपं लावताना मी तेच गुणगुणत होतो आणि दुपारपर्यंत अख्खी रांग गुणगुणायला लागली, त्यात आजीपण.

हे गाणं इटलीचं नाही, अमेरिकेचं आहे, तिथे डेट्रॉइटमधे कोणी फुटबॉलसाठी ते बनवलेलंच नाही, हे कळायला मला अजून पाच-सहा वर्षं लागली, तेव्हा मोबाइलवर नेट आलं.

आता ते बनलं कसं. २००२चा जानेवारी, बँड ऑस्ट्रेलियात दौऱ्यावर, मेलबर्नला कॉर्नर हॉटेल म्हणून जागा आहे तिथे साउंडचेक चालू होता. साउंडचेक म्हणजे काय ते वाजवणाऱ्यालाच माहीत, हॅलो हॅलो माइक टेस्टिंग, वायरवाला शिव्या घालतोय, आणि वाजवणारा कंटाळून काहीतरी बोटं फिरवत बसलेला. त्यात जॅकला ही सात सुरांची ओळ सापडली. सोबतच्या मित्राला ऐकवली तर तो म्हणाला, ठीक आहे. बस. 'ठीक आहे' एवढंच! जॅकच्या डोक्यात होतं की ही ओळ बाजूला ठेवू, कधी जेम्स बाँडच्या पिक्चरचं गाणं करायला बोलावलं तर वापरू. मग वाटलं आपल्याला कोण बोलावतंय, वापरून टाकू. (२००८ साली बाँडवाल्यांनी खरंच बोलावलं, तेव्हा बिचाऱ्याला दुसरं गाणं करावं लागलं.) म्हणजे बघा, तुम्ही 'कुठल्या पिक्चरचं' विचारता ते अगदीच चूक नाही, पिक्चरचं होता होता राहिलंय.

रेकॉर्डिंग त्याच वर्षी एप्रिलमधे लंडनला, टो रॅग नावाच्या स्टुडिओत. तिथे सगळी जुनी मशिनं, टेपवर आठ ट्रॅक, आणि अल्बमसोबतच्या माहितीत त्यांनी ठसक्यात छापलंय की हे करताना कुठेही कॉम्प्युटर वापरलेला नाही.

आणि ऐकताना तुम्हाला जो जाड, जमिनीखालून आल्यासारखा आवाज येतो तो बास गिटारचा नाहीये. बास वाजवायला माणूसच नव्हता! जुनं पोकळ अंगाचं साधं गिटार, आणि पायाखाली एक पेडल, जे वाजवलेला सूर एक सप्तक खाली ढकलतं. एवढंच. हे वाचल्यावर मला झोप लागेना. कारण माझ्याकडे बेंजो आहे, बेंजोचा आवाज म्हणजे चिरका, वरचा, पेडलला पैसे नाहीत. बेंजो बघितला असेल तुम्ही, टाइपरायटरसारखी बटणं, डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हाताने तारा छेडायच्या, मी छेडायला सिमकार्ड काढून उरलेलं प्लास्टिकचं कार्ड कापून घेतो, विकतच्यापेक्षा बरं चालतं. तर मी काय केलं, बाजूची एक तार काढली आणि तिथे गिटारची जाड तार चढवली. बसेना. खुंटीच्या भोकातून जाईना, मग भोक मोठं केलं, मग पिळली तर बटणाखाली पट्टीला घासायला लागली, खर्रर्र, खर्रर्र, जसा काही डब्यात भुंगा अडकलाय. दोन संध्याकाळ मी ती खरखर घालवायला घालवल्या, पट्टीखाली पोस्टकार्डाची घडी घालून बघितली, तार सैल करून बघितली. शेवटी वैतागून तशीच अँपला लावली आणि व्हॉल्यूम वाढवला, तर दारातून जाणारा आमचा ढोलवाला थांबला आणि म्हणाला, "हे काय भारी लागतंय रे!" खरखरच भारी होती. ती तार अजून तशीच आहे.

ज्यांना वाजवायचंय त्यांच्यासाठी: सा सा ग सा नि ध प. ग, ध, नि कोमल, आणि सानंतरचे नि ध प खालच्या सप्तकातले. सात ठोके पण सूर पाचच. पहिला सा लांब ओढायचा, मग चार पटापट, मग ध आणि प आरामात, जिना उतरल्यासारखे. घाई केलीत तर गेलं. आणि ढोलवाल्याला सांगा काही कलाकारी करू नको, एक सारखा ठोका. मूळ गाण्यात मेग तेच करते, सुरुवातीला नुसता धम धम धम धम. पुष्कळ लोक तिला नावं ठेवायचे की हिला वाजवता येत नाही. माझं मत विचाराल तर त्या ठोक्याशिवाय ही धून उभीच राहत नाही, आणि साधा ठोका चार मिनिटं न हलता धरून ठेवणारा ढोलवाला मला आख्ख्या गुहागर तालुक्यात एकच मिळालाय, तो पण लग्नसराईत रेट वाढवतो.

नावाची भानगड वेगळीच. 'सेव्हन नेशन आर्मी' म्हणजे सात देशांची फौज, पण फौजेचा काही संबंध नाही. जॅक लहान असताना 'सॅल्व्हेशन आर्मी' ह्या संस्थेचं नाव त्याला 'सेव्हन नेशन आर्मी' असं ऐकू यायचं. हे आपल्याला वेगळं समजवायला नको, 'फणिवरबंधना'चं 'फळीवर वंदना' करत मोठी झालेली माणसं आपण. फरक इतकाच की आपण नंतर लाजतो, त्याने तेच गाण्याचं नाव ठेवलं.

आणि गाणं कशावर आहे? चुगल्यांवर. गावात एक माणूस येतो, त्याच्या मागे सगळे कुजबुजतात, शेवटी वैतागून गाव सोडावंसं वाटतं, साधारण असं. आता सांगा, हे डेट्रॉइटला सुचलं की आमच्या वाडीतल्या पारावर?

पण शब्द कोणालाच येत नाहीत, आणि माझ्या मते सगळी मेख तिथे आहे. गाण्याला ध्रुवपद नाही. म्हणजे जिथे सगळ्यांनी मिळून गायची ओळ यायला पाहिजे तिथे शब्दच नाहीत, तीच धून जोरात येते. मग माणसं काय गाणार? धूनच गाणार. रेकॉर्ड कंपनीला म्हणे आधी दुसरंच गाणं बाहेर काढायचं होतं, जॅकने हट्टाने हे काढलं, २००४ला त्याला सर्वोत्कृष्ट रॉक गाण्याचं ग्रॅमी, म्हणजे अमेरिकेतलं संगीताचं मोठं बक्षीस, मिळालं. ठीक आहे, ग्रॅमी पुष्कळांना मिळतं.

खरी मजा ऑक्टोबर २००३ला झाली. बेल्जियमचा क्लब ब्रुज नावाचा संघ, त्यांचे पाठीराखे मॅच बघायला इटलीत मिलानला गेलेले, समोर एसी मिलान म्हणजे तेव्हाचे युरोपचे चॅम्पियन. मॅचच्या आधी एका बारमधे हे गाणं लागलं, पोरं प्यायलेली, शब्द येत नाहीत, धून उचलली. आणि त्या दिवशी ब्रुज जिंकलं, १-०. आता जिंकल्यावर ती धून सोडतील? घरी घेऊन गेले. स्वतःच्या मैदानावर गाऊ लागले. २००६च्या फेब्रुवारीत इटलीतला रोमा नावाचा संघ ब्रुजला खेळायला गेला, रोमा जिंकली, आणि जाताना जिंकलेल्यांनी हरलेल्यांची धून पण उचलून नेली. आणि तिथून जुलैत माझ्या काकांच्या ओटीवर. मिलानच्या बारमधून निघालेली गोष्ट, बेल्जियम करून, परत इटली करून, तीन वर्षांत चिखलातल्या आजीपर्यंत. चुगलीसुद्धा अशीच जाते ना, हा त्याच्याकडून, तो हिच्याकडून, आणि प्रत्येक हातात मूळचे शब्द गळून पडतात.

पुढे तर विचारूच नका. २०१७ला इंग्लंडमधे लोकांनी त्या चालीवर 'ओ जेरेमी कॉर्बिन' असं एका पुढाऱ्याचं नाव बसवलं. २०१८च्या फुटबॉल वर्ल्डकपला खेळाडू मैदानात यायचे तेव्हा हीच धून.

मी मुद्दाम 'चाल' म्हणतोय. आमच्याकडे डबल बारीला, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याला, बुवा उभे राहतात आणि हिंदी गाण्याच्या चालीवर अभंग बसवतात, जाखडी नाचातही तेच, आणि कोणी म्हणत नाही चोरी केली, म्हणतात बुवांनी चाल मस्त घेतली. बेंजोचंच घ्या. आपण त्याला आपलं कोकणातलं, मुंबईतलं वाद्य समजतो, पण ते जपानमधे नागोयाला १९१२च्या सुमारास निघालेलं, तिथे ताइशोगोतो म्हणतात. आपल्याकडे येऊन त्याचं बुलबुलतरंग झालं, मग त्याला वायर लागली, मग ते हळदीत घुसलं.

एक फजिती सांगतो. सुरुवातीला मला वाटलं एवढं शोधलंय तर अख्खं गाणं वाजवू, कडव्यांसकट, इज्जतीत. दापोलीकडची एक हळद होती. धूनला सगळे उठले, हात वर, जमलं म्हटलं, आणि मी कडव्यावर गेलो. तीस सेकंदात मांडव बसला. नवरीचे मामा आले, प्रेमानेच म्हणाले, "मास्तर, जेवलात नाय काय? मगाचचं चाललेलं ते बरं होतं." तेव्हापासून कडवं बंद. फक्त धून, सात मिनिटं, मधे ढोल एकटा, परत धून. एक सांगून ठेवतो, पालखीपुढे मी ही वाजवत नाही, शिमग्यात तिथे ढोल-सनईचाच मान, आग्रह करू नका, मागच्या वर्षी दोघातिघांनी केला आणि ऐकून मला घ्यावं लागलं.

तुमच्यातल्या काहींनी क्रिकेट मॅचमधे ही धून वाजते त्या व्हिडिओचं विचारलंय, तर तो फेब्रुवारीतला. कापणी झालेल्या मळ्यात अंडरआर्मची टुर्नामेंट, आमच्या वाडीला शेवटच्या दोन बॉलवर पाच हवेत, स्ट्राइकवर बंड्या. मी बाउंड्रीच्या कडेला टेम्पोवर बेंजो घेऊन. सहज धून सुरू केली, आणि पोरांनी, मी शिकवलेलं नाही, शप्पथ, सरळ शब्द बसवले: हाऽण, रे, हाण, रे, तू, बंऽ, ड्याऽ. मोजून सात. तीनशे माणसं, बायका गडग्यावर उभ्या, कॉमेंट्रीवाल्याने माइक खाली धरला. बंड्याने बॅट फिरवली ती इतक्या जोरात की गोल फिरून परत जागेवर आला, आणि मागे तिन्ही स्टंप आडवे.

पोरं गायची थांबली नाहीत. तो खाली मान घालून मळ्यातून चालत येतोय, हाण रे हाण रे, आणि बरोबर त्या ठोक्यावर त्याची पावलं. टेम्पोजवळ आला, बॅट आपटली आणि मला म्हणाला, "काका, वायर काढा."