टाचेतला काटा

आज अण्णांना घेऊन मधुमेहाच्या तपासणीसाठी लातूरला गेलो होतो. साखर किती आली ते विचारायचे, गोळ्या लिहून घ्यायच्या आणि दुपारच्या एसटीने परत फिरायचे, हा आमचा बारा वर्षांचा शिरस्ता. आज मात्र डॉक्टरांनी वहाणा काढायला लावल्या, तेव्हा डाव्या टाचेच्या भेगेत मोडलेला बाभळीचा काटा निघाला आणि तो कधी रुतला हे अण्णांना सांगताच येईना.

दुखत नाही म्हणजे पाय ठणठणीत आहे, अशी त्यांची समजूत होती (खरे सांगायचे तर माझीही). प्रत्यक्षात दीर्घकाळ वाढलेल्या साखरेमुळे नसा बधिर होतात आणि रक्तपुरवठा मंदावतो. त्यामुळे जखम कळत नाही, कळली तरी लवकर भरत नाही आणि चिघळली तर पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. 10 ग्रॅम दाबाचा नायलॉनचा बारीक धागा तळव्याला टेकवून स्पर्श कळतो का, असे डॉक्टर विचारत होते आणि डोळे मिटलेले अण्णा कितीतरी ठिकाणी गप्पच होते. त्या गप्प राहण्याने मी हादरलो.

आता रोज रात्री त्यांचे तळवे मी पाहणार आहे. कोमट पाण्याने पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, भेगांना मलम लावायचे पण बेचक्यांत नाही, नखे सरळ कापायची, हे सगळे त्यांनी मान्य केले. अडले ते कोजागिरीला तुळजापूरला अनवाणी चालत जाण्यावर. बऱ्याच वादानंतर ते कापडी बुटांवर तयार झाले आहेत, तेही देवीची माफी मागून.